पापाच्या हमालाची जागा

कारिसा गावात पापाचा हमाल व्हायला फारशी पात्रता लागत नसे. माणूस दिसायला बरा नसावा, हाताला काम नसावं आणि भूक दणदणीत असावी. ग्रिलोसकडे या तिन्ही गोष्टी होत्या. म्हणून गेल्या वसंतात देवळाच्या पुजाऱ्याने विचारलं तेव्हा तो मागचापुढचा विचार न करता हो म्हणाला. वर्षभर गावाच्या खर्चाने जवाची भाकर, चीज आणि सुकी अंजिरं. बदल्यात अपोलोच्या सणाला गळ्यात अंजिरांची माळ घालायची, बासरीच्या तालावर गावातून मिरवायचं, लोक रानकांद्याने आणि अंजिराच्या फांद्यांनी मारतील ते खायचं आणि गावाची वर्षभराची पापं अंगावर घेऊन वेशीबाहेर न्यायची. ग्रिलोसची कल्पना अशी की न्यायची, टाकायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं.

परत यायचं नसतं, हे त्याला बायकोकडून कळलं. तेही सण तोंडावर आल्यावर, शेवटचं चीज चालू असताना.

"परत यायचं नसतं म्हणजे?" ग्रिलोसने घास तोंडातच ठेवला.

"म्हणजे नावेत घालतात आणि सोडून देतात," मिर्तो म्हणाली. ती पावाचं पीठ मळत होती आणि मळता मळता त्या पिठाला ग्रिलोस समजत असावी. "परत आलास तर दगडांनी मारतात. माझा मामा नव्हता का गेला हमाल म्हणून? दिसला परत कधी?"

"मला वाटलं, तो तुझ्या मामीला कंटाळून गेला."

"मामीला कंटाळलेली माणसं बासरीच्या तालावर जातात का?"

ग्रिलोस आठवू लागला. त्याने दरवर्षी मिरवणूक पाहिली होती, पण अर्धीच. अर्ध्यावर बळीचं मांस वाटायला घेत, आणि सगळ्या गावासारखा तोही तिकडे रांगेत असे. पुढे हमालाचं काय होतं हे पुजारी आणि नाव ढकलणारे दोघेचौघे सोडले तर कुणी पाहिलं नव्हतं.

"मला एका शब्दाने विचारलं असतंस," मिर्तो म्हणाली. "गावची पापं उचलायला निघालाय! घरात लाकूड उचलत नाही. आता भट्टीला लाकडं कोण आणणार? आणि थंडीत माझ्या पायांवर पाय कोण ठेवणार, पुजारी?"

तिचा आवाज इथे जरा फाटला, म्हणून तिने पीठ आणखी जोरात आपटलं. आपल्याला या घरातून कुठेही जायचं नाही, हे ग्रिलोसला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. घासही तेव्हाच गिळला गेला.

या सगळ्याच्या मुळाशी फिडोलास होता. कारिसात कशाच्याही मुळाशी फिडोलासच असे, कारण दुसऱ्या कुणी मुळाशी असलेलं त्याला खपत नसे. तो गावचा सर्वेसर्वा होता. राजा म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. राजांना गादी बापाकडून मिळते, त्याने ती स्वतःच्या हाताने हिसकावली होती आणि त्या मेहनतीचं श्रेय त्याला बापाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. लोक त्याला धनी म्हणत. धावण्याच्या शर्यतीत तो पहिला येई, कारण बाकीचे त्याच्या मागून पळत. उन्हाळ्यात पहिलं अंजीर त्याचं. एकदा गावात तापाची साथ आली तेव्हा पहिला आजारी कोण यावरून चौकशी झाली होती आणि ज्या कुंभाराला आधी ताप आला त्याने तो मागे घेतला होता.

फिडोलास येण्याआधी ग्रिलोस नट होता. तिसरा नट. पहिला नट राजा होतो, दुसरा राणी होतो आणि तिसरा, सगळं संपत आलं की धापा टाकत येतो आणि आत राजाचं काय झालं ते सांगतो. निरोप्याचं काम. शोकनाटकात राजा कधी लोकांसमोर मरत नाही. तो दाराआड मरतो, आणि प्रेक्षक रडतात ते निरोप्याच्या तोंडचं ऐकून. ग्रिलोसचा आवाज असा होता की ऑलिव्ह विकणाऱ्या बायका टोपल्या विसरून जात.

फिडोलास सत्तेवर आला त्या वर्षी तो जन्मात पहिल्यांदा नाटकाला आला आणि सगळ्यांत पुढे, दगडी आसनावर बसला. नाटकातला राजा जांभळ्या गालिच्यावर उभा राहून म्हणत होता की माझ्या वर कुणी नाही. फिडोलास खूश झाला. तेवढ्यात ग्रिलोस धावत आला, छातीवर हात मारून म्हणाला, "नगरवासीयांनो, राजा..." आणि फिडोलास उठला.

"फार छान," तो म्हणाला. "चला."

फिडोलास उठला की ती गोष्ट संपली, असा गावचा रिवाज त्याच दिवशी पडला. जेवणं अर्धी राहिली, कुस्त्या अर्ध्या राहिल्या, एक लग्नही अर्धं राहिलं आणि ते जोडपं अजून एकमेकांना पाहुण्यासारखं वागवतं. नाटकांसाठी तर त्याने कायदाच केला. नाटक राजा गालिच्यावर उभा असतानाच थांबेल. पुढे काय होतं ते विचारायचं नाही. कुठल्याही गोष्टीचा शेवट जो सांगेल त्याला कड्यावरून ढकललं जाईल. कारिसातल्या पोरांना वाटायचं की राजे असेच गालिच्यावर उभे राहतात आणि संध्याकाळी मासे धरायला जातात.

ग्रिलोसचं तोंड त्या दिवशी उघडं राहिलं ते राहिलंच. ते वाक्य त्याच्या पोटात नऊ वर्षं पडून होतं. कधी कधी तो बकरीला सांगायला जाई, पण बकरीही कारिसाचीच होती. अर्ध्यावर उठून जाई.

शोकनाटकातली एक गोष्ट मात्र फिडोलासला फार आवडली होती. वृंद. ते बारा म्हातारे, राजाच्या मागे उभे राहून हाय हाय करणारे. त्याने ते पगारावर ठेवून घेतले. धनी जाईल तिथे ते मागून जात. धन्याने एखादा हुकूम सोडला की बाराही जण कपाळाला हात लावून "हाय, हाय" म्हणत. फिडोलासला ती जुन्या वळणाची वाहवा वाटे.

*

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात मिरवणुकीची रंगीत तालीम होती. ग्रिलोसला न्हाऊ घालून, नवं वस्त्र नेसवून, गळ्यात अंजिरांच्या दोन माळा घालून पुढे उभं केलं होतं. मागे बासरीवाला, त्याच्या मागे पुजारी लाम्पिस. मिर्तो देवळाच्या पायरीवर पावांची टोपली घेऊन बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाव असे देत होती की घेणारा सुटे परत मागायला विसरत होता.

फिडोलास तपासणीला आला. मागे भालेकरी, त्यांच्या मागे बारा म्हातारे. त्याने रांग पाहिली आणि थांबला.

"हा सगळ्यांत पुढे कोण?"

"पापाचा हमाल, धनी," लाम्पिस म्हणाला.

"दरवर्षी पुढे असतो?"

"दरवर्षी, धनी."

"आणि मी?"

लाम्पिसने रांगेत मागे कुठेतरी बोट दाखवलं. दाखवताना बोट शक्य तितकं वाकवलं. "त्याच्या लगेच मागे. आपण त्याला पहिला रानकांदा मारता, मग आपण उठ... म्हणजे निघता, आणि मग आम्ही पुढे जातो."

"मी याच्या मागे चालतो." फिडोलास हे अशा आवाजात म्हणाला की भालेकऱ्यांनी भाले सावरले. "इतकी वर्षं. आणि कुणी मला बोललं नाही." तो ग्रिलोसभोवती एक फेरी मारून आला. "बासरी कुणासाठी आहे?"

"हमालासाठी, धनी."

"अंजिरं?"

"हमालासाठीच."

"गाव कुणाला बघायला जमतं?"

लाम्पिसने आकाशाकडे पाहिलं. आकाशात काही नव्हतं.

"आणि हा नेमकं करतो काय?"

"गावाची पापं वाहतो, धनी."

फिडोलास हसला. दुकानात खोटं नाणं ओळखल्यावर माणूस हसतो तसं. "हा? हा वाहणार? अरे, याची झेप काय, याचा वकूब काय! लाम्पिस, खरं सांग. या गावात सगळ्यांत मोठी पापं कुणाची?"

मिर्तोने टोपलीवर फडकं टाकलं.

"बोल की! घाबरतोस कशाला? समोरच्या बेटावरची गलबतं कुणी जाळली? भावाला अंधारकोठडीत कुणी टाकलं? देवळाची सोन्याची तिवई कुणी वितळवली?"

"आपण, धनी," लाम्पिस पुटपुटला.

"मग! गावाची सगळी मोठी कामं मी करायची आणि ती मिरवायला हा? उद्या हमाल मी होणार."

"हाय, हाय," बारा म्हातारे म्हणाले.

"बघ, यांनाही पटलं."

लाम्पिस दोन पावलं पुढे आला. "धनी, पण मिरवणूक वेशीबाहेर जाते, किनाऱ्यापर्यंत, आणि मग..."

"आणि मग?"

"आणि मग..." लाम्पिसने कड्याच्या दिशेने एक नजर टाकली. "पुढे आपला कायदा आहे, धनी."

"हं. बरोबर. शेवट सांगायचा नाही." फिडोलासने त्याची पाठ थोपटली. "तू कायदा पाळतोस. मला आवडलं."

"शिवाय हमाल कुरूप असावा लागतो," लाम्पिस घाईघाईने म्हणाला. ही त्याची शेवटची आशा होती. फिडोलास दिसायला चांगला देखणा होता. "गावातला सगळ्यांत कुरूप."

"मग? माझ्यापेक्षा कुरूप कोण आहे इथे?"

दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं तर धनी दुसरा येतो. धन्याचं नाव घ्यावं तर धनी कुरूप ठरतो. शेवटी रीतसर मत घ्यायचं ठरलं. घडा आणला, खडे वाटले. म्हाताऱ्यांनी टाकले, भालेकऱ्यांनी टाकले, बासरीवाल्याने टाकला. ग्रिलोसचा खडा हातातच राहिला. गावातला सगळ्यांत कुरूप हा त्याने मिळवलेला एकुलता एक किताब होता आणि तो असा हातचा जाताना त्याला नको तेवढं वाईट वाटलं.

"टाक!" पायरीवरून मिर्तो ओरडली. "टाक रे मेल्या!"

त्याने टाकला. घडा उपडा केला. एकमताने. आपण अख्ख्या कारिसात सगळ्यांत कुरूप ठरल्याचं ऐकून फिडोलासने लोकांना हात वर करून अभिवादन केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग एक अडचण निघाली आणि ती त्यालाच सुचली. "मी हमाल, तर पहिला रानकांदा मला मारणार कोण? माझ्यावर हात उचलायची परवानगी या गावात एकालाच आहे. मला."

सगळे विचारात पडले. म्हातारेसुद्धा हाय म्हणायचे विसरले.

"तू नट होतास ना?" फिडोलास ग्रिलोसकडे वळला. "राजा केलायस कधी?"

"एकदा पहिला नट पडला होता आजारी. एका दुपारी तीन केले, धनी."

"मग उद्या तू मी हो." त्याने जांभळा झगा काढून ग्रिलोसच्या खांद्यावर टाकला आणि त्याच्या गळ्यातल्या माळा काढून आपल्या गळ्यात घातल्या. एक अंजीर तोडून तोंडात टाकलं. "जरा जुनी आहेत," तो म्हणाला.

*

"आता एक काम कर," त्या संध्याकाळी मिर्तो म्हणाली. "तोंड शिवून घे. उद्या सकाळपासून तुला बोलता येत नाही."

"मी काय बोलणार आहे?"

"मी ओळखते तुला. तिथे किनाऱ्यावर तो विचारील, आता पुढे काय? आणि तुझ्या आत ते नऊ वर्षांचं गाठोडं वळवळायला लागेल. तू सांगायला गेलास की तो खाली उतरणार. तो उतरला की नाव रिकामी. आणि नाव रिकामी सोडत नाहीत, मामाच्या वेळी नीट ऐकलंय मी. मग कुणाला बसवतील?"

"मला."

"झगा घालून बसवतील. ध्यान दिसशील."

ग्रिलोसने शपथ घेतली. मिर्तोने ती आपल्या पिठाने माखलेल्या हातावर हात ठेवून घ्यायला लावली, म्हणजे वाळेपर्यंत आठवण राहील.

दुसऱ्या दिवशीची मिरवणूक कारिसाने पाहिलेली सगळ्यांत सुंदर मिरवणूक होती. फिडोलास पुढे. मोठ्या आसनावर बसल्यासारखी छाती काढून चालत होता. झगा घातलेला ग्रिलोस त्याच्या मागे. त्याच्या मागे बारा म्हातारे, कारण त्यांचा पगार झग्याच्या मागे चालायचा होता. देवळासमोर ग्रिलोसने पहिला रानकांदा नुसता टेकवल्यासारखा मारला.

"जोरात!" फिडोलास मान न वळवता म्हणाला. "मी मारला असता तसा मार!"

मग लोकांनी मारलं. आधी भीत भीत, मग हात सैल करून. कुंभाराने तर जवळच्या फांद्या संपल्यावर शेजाऱ्याच्या उसन्या घेतल्या. फिडोलास मध्ये मध्ये थांबून विचारत होता, मागच्या वर्षीच्या हमालाला इतकं मारलं होतं का? नाही म्हटल्यावर समाधानाने पुढे जात होता. मांस वाटायला घेतलं तेव्हाही कुणी रांगेत गेलं नाही. सगळं गाव त्याच्या मागे वेशीबाहेर आलं. फक्त मिर्तो भट्टीपाशी होती. ती म्हणाली, माझ्याच्याने बघवणार नाही, आणि पावही फुगत घातलेत.

किनाऱ्यावर एक छोटी नाव होती. वल्ही नव्हती. दोरीने एका खडकाला बांधलेली.

"यात बसायचं?" फिडोलासने विचारलं.

"हो, धनी."

तो बसला. माळा नीट केल्या. गावाकडे तोंड करून हात उंचावला. लोकांनी जयजयकार केला. मग जयजयकार थांबला आणि पुढे काही झालं नाही. लाटा आल्या आणि गेल्या.

"बरं," फिडोलास म्हणाला. "मग आता पुढे काय?"

लाम्पिस समुद्राकडे बघत राहिला. म्हातारे आपापल्या काठ्यांकडे बघत राहिले. फिडोलासच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. गोष्ट संपत असताना आपण अजून तिथेच आहोत, हे त्याच्या आयुष्यात प्रथमच होत होतं आणि ही जागा त्याच्या ओळखीची नव्हती.

"मी उठतो म्हणजे," तो म्हणाला आणि अर्धवट उठला. नाव डगमगली. एक पाय त्याने काठावर ठेवला. लाम्पिसची नजर हळूच ग्रिलोसवर येऊन थांबली. ग्रिलोस एक पाऊल मागे सरकला.

"थांबा," फिडोलास म्हणाला. "तू. तू निरोप्या होतास. तुला शेवट माहीत असतात. याचा शेवट काय आहे, सांग."

ग्रिलोसने हाताकडे पाहिलं. पीठ वाळून कधीच गळून पडलं होतं.

"कायदा आहे, धनी," तो कसाबसा म्हणाला.

"कायदा मी रद्द करतो."

"तुम्हाला नाही करता येणार, धनी," म्हाताऱ्यांचा पुढारी डोर्कोन खाकरून म्हणाला. नऊ वर्षांत हाय सोडून तो पहिल्यांदा दुसरं काही बोलत होता. "तुम्ही हमाल आहात. कायदा झग्याने रद्द होतो."

सगळ्यांनी झग्याकडे पाहिलं. झग्यात ग्रिलोस होता.

त्याला मिर्तोचा आवाज ऐकू येत होता, तोंड शिवून घे. थंडीतले तिचे गार पाय आठवत होते. आणि त्याच वेळी समोर सगळं गाव गप्प उभं होतं, ऑलिव्ह विकणाऱ्या बायका होत्या, वारा पडला होता, आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला असता. अशी जागा निरोप्याला जन्मात एकदा मिळते आणि त्याला ती मिळून नऊ वर्षं झाली होती.

"कायदा रद्द," ग्रिलोस म्हणाला.

लोकांतून एक हुंकार निघाला. फिडोलासचा पाय अजून काठावरच होता.

"नगरवासीयांनो," ग्रिलोसने छातीवर हात मारला, आणि त्याच्या तोंडून जे बाहेर आलं ते हमालाचं नव्हतंच. ते जिथे अडकलं होतं तिथूनच सुरू झालं. "नगरवासीयांनो, राजा आता राहिला नाही!"

"कुठला राजा?" फिडोलासने विचारलं.

"ज्याला आपल्या वर कुणी खपत नव्हतं तो!"

"तो?" फिडोलासचा चेहरा बदलला. "तोच? जांभळ्या गालिच्यावरचा?"

"तोच, धनी!"

फिडोलास खाली बसला. सावकाश, आवाज न करता, उशिरा आलेला प्रेक्षक बसतो तसा. "मला नेहमी वाटायचं," तो हळू आवाजात म्हणाला, "की तू तेव्हा काहीतरी सांगायला आला होतास. मी उठलो होतो, म्हणून मग विचारता येईना. रात्री झोप लागायची नाही. सांग. मग काय झालं?"

ग्रिलोसने सांगायला सुरुवात केली. त्या राजाने आधी आपल्याहून उंच माणसं गावाबाहेर घालवली, मग उंच झाडं तोडली, मग छपराखालची पाकोळ्यांची घरटी पाडली. एके दिवशी सिंहासनावर बसल्या बसल्या त्याने वर पाहिलं आणि त्याला राजवाड्याचं छप्पर दिसलं. "माझ्या वर!" तो गरजला. "आणि इतकी वर्षं! पाडा!"

"बरोबर केलं," फिडोलास म्हणाला. "मग?"

"गवंडी पाया पडले, महाराज, आधी बाहेर तरी या. तो म्हणाला, मी बाहेर आलो तर छप्पर म्हणेल, मी याला हाकललं!"

"अगदी बरोबर! मग?"

डोर्कोन खाली वाकला होता. चपलेचा बंद बांधत असावा असं वाटलं, पण तो खडकाची दोरी सोडत होता. वाकलेला असतानाही तो आणि बाकीचे अकरा जण वेळच्या वेळी हाय म्हणत होते, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते हाय जिथे हवं तिथे येत होतं. ओहोटीबरोबर नाव किनाऱ्यापासून हातभर सरकली. मग दोन माणसांएवढी. फिडोलासचं लक्ष नव्हतं. तो पुढे झुकून, हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होता. माळेतून तोंडात टाकलेलं अंजीर चघळणंही थांबलं होतं.

"पहिलं तुळईचं लाकूड निघालं!" ग्रिलोसने आवाज चढवला, कारण श्रोता लांब जात होता. "आत ऊन आलं. राजा म्हणाला, आता या सूर्याचं बघायला हवं!"

"मोठ्याने!" पाण्यावरून हाक आली. "मोठ्याने बोल! मग?"

"मग दुसरी तुळई!"

"मग?"

"राणी दारातून हाका मारत होती! पोरं रडत होती! राजाने हात वर केला!"

"मग? राजाचं काय झालं?"

ग्रिलोस पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला होता, झगा भिजून जड झाला होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. लोक रडत होते. कुंभार सगळ्यांत जास्त रडत होता. शेवटचं वाक्य ग्रिलोसने पोटाच्या तळापासून काढलं. ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वाक्य होतं, आणि ते पूर्ण होता होता त्याचा आवाज फाटून गेला.

नाव तोवर ठिपक्याएवढी झाली होती. ठिपका उभा राहिला. त्याने कानामागे हात धरलेला दिसत होता.

"काय?" असं पुसटसं ऐकू आलं. "काय म्हणालास?"

पण ग्रिलोसकडे आता आवाजच उरला नव्हता, आणि बाकीच्यांना ते त्याच्यासारखं जमलं नसतं.

फिडोलास समोरच्या किनाऱ्याला सुखरूप लागला म्हणतात. त्याने परत येण्यासाठी ना सैन्य जमवलं ना गलबतं. भेटेल त्याला तो छपराच्या राजाचं विचारतो. तिकडे ते नाटक कुणाला ठाऊक नाही.

*

गाव परत निघालं तेव्हा पुढे कुणी नव्हतं, म्हणून झगाच पुढे आला. ग्रिलोस पाच पावलं चालला असेल, तोच भालेकरी त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन चालू लागले. "धनी, मांस वाटायला घेऊ?" कुणीतरी विचारलं. ग्रिलोसला बोलता येत नव्हतं. त्याने मान हलवली. दोघे धावत सुटले. कुंभार म्हणाला, "धनी, आपला चेहरा नाण्यावर शोभेल." ग्रिलोसने यावर विचार केला. चाल आपोआप संथ झाली, छाती जरा पुढे आली. प्रेक्षागृहातलं पुढचं दगडी आसन त्याला आठवलं. ते उन्हात चांगलं तापतं, असं ऐकून होता. आता निदान नाटकं तरी पूर्ण होतील, आणि निरोप्याचं काम कुणी करावं ते आपणच ठरवू. इतरांना सुरुवातीचं काहीतरी देता येईल.

तेवढ्यात पाठीमागून अगदी कानाशी आलं, "हाय, हाय."

त्याने वळून पाहिलं. बारा म्हातारे कपाळाला हात लावून त्याच्या मागे चालत होते. डोर्कोनने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. ओळखीचा माणूस ओळखीच्या गल्लीत शिरताना दिसावा, तसं.

ग्रिलोसला चौदा नाटकांचे शेवट पाठ होते. देवळाच्या कोपऱ्यावर सगळं गाव उजवीकडे फिडोलासच्या मोठ्या घराकडे वळलं आणि तो डावीकडे वळून घराच्या दिशेने धूम पळत सुटला. भालेकरी त्याच्यामागे पळाले. शर्यत असावी असं समजून त्यांनी त्याला पहिलं येऊ दिलं.

मिर्तो भट्टीपाशी उभी होती. दारात तो दिसला, ओला, धापा टाकत. तिने हातातलं पाव काढायचं फावडं खाली ठेवलं. मग परत उचललं.

"आलास?" ती म्हणाली. नाक बाहीला पुसलं. "म्हणजे गेला तो. बोललास ना शेवटी तोंड उघडून? बोलला असशीलच. काय झालं? सांग की!"

ग्रिलोसने छातीवर हात मारला, तोंड उघडलं. आत काही नव्हतं. नुसती हवा आली.

"वा," मिर्तो म्हणाली. "अख्ख्या गावाला सांगितलं आणि बायकोच्या वाट्याला हे." तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि हे अंगावर काय पांघरलंय? काढ ते आधी. ओलं आहेस. मरशील."

त्याने झगा काढून दिला. तिने तो भट्टीसमोर धरून वाळवला, बोटांनी चाचपला. लोकर चांगली होती, दाट होती. परातीतलं पीठ सकाळपासून तसंच बसलं होतं, फुगायचं नाव घेत नव्हतं. तिने झगा दुहेरी घालून त्याच्यावर पांघरला आणि कडा नीट खोचल्या.

तोवर भालेकरी येऊन पोचले होते. झगा कुठे आहे ते पाहून ते परातीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मागोमाग काठ्या टेकत बारा म्हातारे आले. त्यांनी आत डोकावलं, जरा कुजबुजले आणि परातीमागे रांग धरली.

"उभे आहात तर लाकडं आणा," मिर्तो म्हणाली. कुणी हललं नाही. "मेल्यांनो, पाव हवाय ना?" मग सहा जण गेले.

ग्रिलोस भट्टीच्या उबेला बसला आणि त्याने आपले पाय तिच्या पायांवर ठेवले. थंडी नव्हती, तरी तिने काही म्हटलं नाही.

हळूहळू झगा मधोमध वर यायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. जांभळी लोकर ताणून गोल झाली, एका बाजूची कड सुटली आणि पीठ परातीबाहेर डोकावलं. भालेकरी ताठ झाले. म्हाताऱ्यांनी ते वर येणारं पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळ्यांचे हात कपाळाला गेले.

"हाय," डोर्कोन म्हणाला. "हाय, हाय."

मिर्तोने झगा बाजूला केला, बाह्या वर सारल्या आणि पिठाच्या मधोमध एक सणसणीत बुक्की हाणली.